ग्राफिक्स कार्ड कोणाचें घ्यावें?

शाळा सोडून गेलेले आमचे विद्यार्थी सुटीच्या दिवसांत भेटीस येतात, तेव्हां हल्लीं एक प्रश्न हटकून विचारतात. कोणी अ‍ॅनिमेशन शिकत असतो, कोणी इमारतींचे नकाशे संगणकावर काढीत असतो, आणि कोणाला, खोटें कां बोला, केवळ खेळ खेळावयाचे असतात. प्रश्न मात्र सर्वांचा एकच : "सर, ग्राफिक्स कार्ड कोणत्या कंपनीचें घ्यावें?" सर्वांत स्वस्त मिळेल तें घ्यावें, असें उत्तर आम्ही पूर्वीं देत असूं. तें उत्तर आम्हीं कां बदललें, हें येथें सांगावयाचें आहे. वीसपंचवीस हजार रुपये ही रक्कम आमच्या जिल्ह्यांतील कित्येक घरांत कांद्याची पट्टी हातीं आली म्हणजेच काय ती एकत्र दिसते. तेव्हां प्रश्न पोरकट म्हणून उडवून देण्यासारखा नाहीं.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. कार्डाच्या खोक्यावर दोन नांवें असतात आणि मुलें त्यांची गल्लत करितात. चित्रें उमटविण्याचें सारें गणित करणारी जी चिप, ती एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांनीं योजिलेली असते. ती पाटीवर बसवून, तिला पंखे व उष्णता वाहून नेणारे धातूचे पत्रे जोडून विकणाऱ्या कंपन्या बहुधा निराळ्या : असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सॅफायर इत्यादि. कामाचा वेग मुख्यत्वें चिपेवर व कार्डावरील मेमरीवर ठरतो. २०२३ सालीं निघालेलें आरटीएक्स ४०६० कोणत्याही खोक्यांतून आलें तरी त्याची मेमरी ८ जीबीच, आणि वेगांतील फरक रोजच्या कामांत जाणवूं नये इतका थोडा. मग तीन पंखे, रंगीबेरंगी दिवे व भारदस्त नांव यांसाठीं तीनचार हजार अधिक मोजण्यांत काय अर्थ? आम्हांस तरी तो दिसत नाहीं.

चिप एकदां ठरली म्हणजे कंपन्यांकंपन्यांत निवड करण्यास खरी गोष्ट उरते ती हमीची. असूस, एमएसआय, गिगाबाइट यांच्या कार्डांस आपल्या देशांत सामान्यतः तीन वर्षांची हमी मिळते. ठरलेल्या मुदतींत नोंदणी केल्यास हमीचीं वर्षें वाढवून देणाऱ्याही कंपन्या आहेत. तीनाहून पांच अधिक, हें पहिल्या इयत्तेंतील मूलही सांगेल. परंतु आमचें म्हणणें असें कीं, नगरच्या ग्राहकानें वर्षें मोजण्यापूर्वीं कोस मोजावे. कंपन्यांचीं दुरुस्तीकेंद्रें बहुधा पुण्यामुंबईसारख्या मोठ्या शहरांत असतात. पुणें येथून सुमारें १२० किलोमीटर. अकोल्याच्या किंवा जामखेडच्या मुलास तर तेवढ्यासाठीं दिवस मोडून दोन एस.टी. बदलाव्या लागतात, आणि कार्ड परत आणण्यास पुन्हां तेंच. मध्यंतरीं काम बंद राहतें तें निराळेंच. कोणाचा माणूस घरून पार्सल उचलून नेतो, तर कोठें नगरांतील विक्रेताच बिघडलेलें कार्ड स्वतः पाठवून बदलून आणतो. असा विक्रेता हजार रुपयांनीं महाग पडला तरी आम्ही त्यास स्वस्तच म्हणूं.

ही अक्कल आम्हांस फुकट आलेली नाहीं, आणि तिची किंमत दुसऱ्यानें भरली, हें सांगावयास लाज वाटते. पारनेर तालुक्यांतील आमचा एक माजी विद्यार्थी लग्नसमारंभांच्या चित्रफिती जुळवून देण्याचें काम करितो. त्याच्या वडिलांनीं पतसंस्थेचें कर्ज काढून त्यास कार्ड घेऊन दिलें. शहरांतील दुकानदार म्हणाला, पक्कें बिल नको असेल तर जीएसटी वांचेल. शेंकडा १८ प्रमाणें जवळजवळ चार हजार सुटले, म्हणून बापलेक आनंदानें घरीं आले. चौदाव्या महिन्यांत, ऐन लग्नसराईंत, कार्ड बंद पडलें. खोक्यावरील क्रमांक तपासल्यावर कळलें कीं तें परदेशांतील बाजारासाठीं पाठविलेलें होतें. येथें त्यास हमी लागू नव्हती. हातांत बिल नाहीं, दुकानदार ओळख देईना. पतसंस्थेचे हप्ते मात्र चालू राहिले. खरेदीपूर्वीं त्या मुलानें आम्हांस विचारलें होतें. आम्हीं चिपेची पारख मोठ्या हौसेनें केली. बिलाचें नांव काढलें नाहीं.

बिल असतें तर? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें ग्राहक जेथें राहतो किंवा काम करितो तेथील जिल्हा आयोगाकडे त्यास तक्रार करितां येते. विक्रेता मुंबईचा असला तरी तक्रार नगरांतच नोंदवितां येते. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाहीं, वकील केलाच पाहिजे असेंही नाहीं. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत गेलें पाहिजे. तत्पूर्वीं १९१५ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर दूरध्वनि करून पाहावा. चार हजार वांचविण्यासाठीं त्या मुलानें हें सारें दार आपल्या हातानें लावून घेतलें होतें.

जुनें कार्ड घेऊं पाहणारांसही हेंच. २०२१ सालीं इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठीं कार्डांवर अशी झुंबड उडाली कीं किंमती दुपटीवर गेल्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं तें चलन निर्माण करण्याची पद्धत बदलली, आणि रात्रंदिवस राबलेलीं कार्डें बाजारांत आलीं. बाहेरून पुसून ठेविलेल्या कार्डाचें वय खोक्यावरून कळत नाहीं. क्रमांक कंपनीकडे पडताळून हमी किती उरली आहे व ती दुसऱ्या मालकास मिळते कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलुखापुरती. हमीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें कीं जळलेल्या, गंजलेल्या अथवा आपटलेल्या कार्डास हमी नाहीं. आमच्याकडे वीज येते-जाते, आणि उन्हाळ्यांतील धूळ तर कपाटांतल्या पुस्तकांसही सोडीत नाहीं. म्हणून सारे पैसे कार्डांत न घालतां चांगल्या पॉवर सप्लायसाठीं व यूपीएससाठीं कांहीं राखावे. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट वीज लागते, त्याच्या आधींच्या ३०६० ला १७० वॉट. जुनें स्वस्त मिळालें तरी हा हिशेब धरावा.

इतकें करूनही कंपनीच धंदा सोडूं शकते. अमेरिकेंत हमीच्या बाबतींत जिचा नांवलौकिक होता त्या ईव्हीजीएनें सप्टेंबर २०२२ मध्यें नवीं ग्राफिक्स कार्डें काढण्याचें बंद केल्याचें जाहीर केलें. आधीं विकलेल्या कार्डांची हमी पाळण्याचें तिनें कबूल केलें, हें खरें; पण प्रत्येक कंपनी असें करील असें धरून चालूं नये.

पारनेरच्या त्या मुलाचा धाकटा भाऊ यंदा कार्ड घेणार आहे. तीन दरपत्रकें घेऊन तो गेल्या आठवड्यांत आला होता. तिहींत किंमती होत्या, हमीचीं वर्षें होतीं. बिघडल्यास कार्ड कोठें व कोणीं न्यावयाचें, हें एकांतही नव्हतें. तेवढें लिहून आणण्यास आम्हीं त्यास परत पाठविलें आहे.