बुडाशी काय लिहिले आहे?

जुन्या वस्तू जमवणे हा पैसेवाल्यांचा चाळा आहे, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. संग्रहाचा संबंध केवळ किमतीशी जोडला तर हा आक्षेप खराही आहे. परंतु ऑस्ट्रेलियातील कारखान्यांत घडलेली जुनी शोभेची मातीची भांडी जमवणारे काही संग्राहक पाहिले, की छंदाला अभ्यासाची जोड मिळाल्यावर काय हाती लागते ते ध्यानात येते.

मेलबर्नच्या प्रेस्टन या उपनगरात १९२९ साली प्रीमियर पॉटरी सुरू झाली. 'रेम्यूड' ही तिचीच भांडी. अ‍ॅलन जेम्स चाकावर भांडे घडवीत. मार्गारेट कर त्यावर निलगिरीची पाने, बोंडे, कोआला असे मातीचेच नक्षीकाम बसवीत. वरून रंगीत झिलईचे ओघळ! विटा भाजणाऱ्या हॉफमन कंपनीनेही 'मेलरोज' नावाची भांडी काढली. जिथे इंग्लंडहून येणाऱ्या भांड्यांचा रुबाब होता, तिथे परसातले झाड फुलदाणीवर चढले, ही गोष्ट लहान नव्हे. विक्रीसाठी घडवले म्हणून घडवणाऱ्याच्या बोटांतील कसब खोटे ठरते काय?

असे कित्येक कारखाने पुढे बंद पडले. परदेशी स्वस्त मालाशी त्यांना झुंजावे लागले. १९७३ साली तर सरकारने आयातकर एका फटक्यात चतुर्थांशाने उतरवला. कारखाना गेला, कामगार पांगले. मग भांड्याच्या बुडाशी कोरलेले नाव आणि आकड्याची खूण एवढाच पुष्कळदा पुरावा उरतो. म्हणूनच कान तुटलेले, चीर गेलेले भांडेही जपले पाहिजे. बाजार ते फेकून देतो. अभ्यासकाने फेकू नये.

मात्र अभ्यास म्हणजे नुसते गुणगान नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक कारखान्यांनी बशा, रक्षापात्रे यांवर तेथील आदिवासींची चित्रे आणि त्यांच्या परंपरेतील आकृती रंगवून विकल्या. त्या परंपरेच्या वारसांना कोण विचारीत होते? १९६६ च्या एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलंगी या आदिवासी चित्रकाराची आकृती त्यांना न विचारताच छापली गेली. मोबदला आणि मानाचे पदक मागाहून मिळाले. खुद्द नोटेची ही कथा, तिथे बशीचे काय! अशी बशी कपाटात दडवू नये, तिच्या रंगांवर भाळूनही जाऊ नये. ती कुठे घडली आणि तिच्यावरची आकृती मूळ कुणाची, हे शेजारी चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

माझे म्हणणे एवढेच, की भांड्याची किंमत बाजार ठरवील, त्याची हकिकत मात्र संग्राहकालाच सांभाळावी लागेल. ज्याच्यापाशी भांडी आहेत पण हकिकत नाही, त्याच्या घरी संग्रह नाही. नुसती अडगळ आहे. मग ती कितीही महागाची असो!