फुगणारे जाकीट कोणी घालावे?



जुन्या काळी आपल्याकडे मुले विहिरीत पोहायला शिकत तेव्हा पाठीला सुका भोपळा, नाहीतर झाकण पक्के बंद केलेला पत्र्याचा डबा बांधत. तो पाहिलेले आजोबा तुमच्या घरात अजून असतील. त्या डब्याचीच आजची आवृत्ती म्हणजे जीवरक्षक जाकीट. आज त्यातल्या एका नव्या प्रकाराविषयी माझे मत सांगणार आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही.

निमित्त असे झाले. माझा एक माजी विद्यार्थी रोह्याचा. काही वर्षे तो कोलाडजवळ कुंडलिकेत रबरी तराफ्यांवर वाटाड्याचे काम करीत होता. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटते आणि त्या जोरावर उन्हाळ्यातही तिथे तराफे चालतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. या मुलाला आता शिडाच्या नौकेवर खलाशी म्हणून मुंबईहून कोचीपर्यंत जायची संधी आली होती. त्याने कोणाकडून तरी वापरलेले, फुगणारे जाकीट स्वस्तात मिळवले आणि ते घेऊन तो पेणला आमच्या प्रयोगशाळेत आला. "सर, हे चांगले आहे का? १५० न्यूटनचे आहे म्हणतात. पण माझे वजन ८० किलो. मग १५ किलोचा आधार कसा पुरेल?"

प्रश्न वरवर बरोबर वाटतो, म्हणून आधी त्याचेच उत्तर पाहू. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या फार जवळ असते. छाती भरून श्वास घेतला तर आपण जेमतेम तरंगतो. श्वास सोडला की हळूहळू खाली जाऊ लागतो. म्हणजे ८० किलोच्या माणसाला पाणी स्वतःच जवळजवळ ८० किलो उचलून धरते. प्रश्न उरतो तो पाण्याबाहेर ठेवायच्या डोक्याचा. त्याचे वजन पाच किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे ५० न्यूटन. आंतरराष्ट्रीय प्रमाणात या साधनांचे ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन असे वर्ग आहेत. त्यांतला ५०चा वर्ग पोहता येणाऱ्या आणि किनाऱ्याजवळ असलेल्या माणसासाठी आहे. त्यापुढचे न्यूटन दोन कामांसाठी लागतात. एक, तोंड लाटेच्या वर राहावे. दुसरे त्याहून महत्त्वाचे. बेशुद्ध माणूस पालथा पडला असेल तर त्याला उताणा करावे. फुगलेला भाग छातीवर आणि मानेभोवती असतो, म्हणून उत्प्लावक बल वर ढकलते ते पुढच्या बाजूला आणि शरीराचे वजन खाली ओढते ते दुसऱ्या रेषेत. ही दोन बले एका रेषेत येईपर्यंत शरीर फिरत राहते, आणि ती एका रेषेत येतात तेव्हा तोंड आकाशाकडे असते. बलयुग्माचा धडा ज्यांना कंटाळवाणा वाटतो त्यांनी हे चित्र काढून पाहावे.

आता १५० न्यूटन म्हणजे सुमारे १५ लिटर पाणी बाजूला सारणे. गोडेतेलाचा मोठा डबा डोळ्यांसमोर आणा. तो डबा दिवसभर छातीवर बांधून दोर ओढणे शक्य आहे का? फोमच्या जाकिटाची अडचण हीच. तेवढा जाड फोम घालून माणूस उकडतो, अडखळतो, आणि तासाभरात जाकीट काढून खुंटीला लावतो. फुगणारे जाकीट मात्र घडी घातलेल्या पट्ट्याएवढे असते. त्याच्या आत कार्बन डायऑक्साइडचे लहान नळकांडे बसवलेले असते. १५० न्यूटनच्या जाकिटात साधारणपणे ३३ ग्रॅम वायू असतो. गणित करा. रेणुभार ४४, म्हणजे ३३ ग्रॅम हे पाऊण मोल. पंचवीस अंश तापमानाला, वातावरणाच्या दाबाखाली एक मोल वायू साडेचोवीस लिटर जागा व्यापतो. तेव्हा पाऊण मोलाचे झाले अठरा लिटरहून थोडे जास्त. हवे होते पंधरा. थंड पाण्यात वायू आकसतो, पिशवी आवळून धरते, त्यासाठी ही शिल्लक.

हे सांगून झाल्यावर मी त्याच्या जाकिटाचे नळकांडे पिळून बाहेर काढले. चकचकीत होते, गंज नव्हता. त्याच्या अंगावर भरलेले वजन कोरलेले असते. याच्यावर १४४ ग्रॅम होते. प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवले तर भरले १११. वजाबाकी तुम्हीच करा. कोणीतरी ते जाकीट एकदा फुगवले होते आणि रिकामे नळकांडे पुन्हा जागेवर बसवून विकले होते. तोंडाशी सुईएवढे भोक होते, पण नळकांडे फिरवून काढल्याशिवाय ते दिसणे शक्य नव्हते. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

माझे मत इथून सुरू होते. फोमचे जाकीट हे मुळातच तरंगणारे आहे. फुगणारे जाकीट हे तरंगण्याचे आश्वासन आहे, आणि ते पाळले जाईल की नाही हे त्याची निगा राखणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. म्हणून "परदेशी खलाशी घालतात ते उत्तम" हा युक्तिवाद मला मान्य नाही. कुंडलिकेच्या खळाळात वाटाडे फोमचे जाकीट घालतात ते जुनाट म्हणून नव्हे. तिथे खडकावर घासायचे, दर पाच मिनिटांनी भिजायचे, प्रसंगी पोहायचे असते. पिशवी फाटली की अठरा लिटर गेले. फोम फाटला तरी फोमच राहतो.

लाँचच्या प्रवाशांचेही तेच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत ती तारीख अजून सांगितली जाते. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जण गेले, आणि आदळली त्या क्षणी बहुतेकांच्या अंगात जाकीट नव्हते. अशा लाँचवर शेकडो नळकांड्यांची वजने कोण करणार? तिथे फोमच हवा, आणि तो फळीखाली नव्हे, अंगात हवा. शिवाय छपराखाली आपोआप फुगणारे जाकीट घातक ठरू शकते. २३ नोव्हेंबर १९९६ला इथियोपियाचे एक विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात पडले. अनेकांनी विमानाच्या आतच जाकिटे फुगवली होती; पाणी शिरले तेव्हा ते छताला चिकटून अडकले. म्हणूनच विमानात बाहेर पडेपर्यंत फुगवू नका असे सांगतात.

मग खोल समुद्रात शिडाच्या नौकेवर? तिथे मात्र मी फुगणाऱ्याच्याच बाजूने आहे. तिथला माणूस उघड्यावर असतो, हातपाय मोकळे लागतात, आणि दिवसरात्र अंगावर राहील असेच जाकीट उपयोगी. पण ते घेताना काय पाहावे? दुकानदार २७५ न्यूटनचे पुढे करील. आपल्या अरबी समुद्रात, सुती कपड्यांत, १५० पुरतात. थंड समुद्रात जाड कपड्यांत हवा अडकते आणि ती माणसाला उताणे होऊ देत नाही, तिथे २७५ची गरज. फुगल्यावर ते इतके मोठे होते की तराफ्यावर चढणे मुश्किल.

आपोआप फुगण्याची युक्ती दोन प्रकारची असते. स्वस्त प्रकारात पाण्यात विरघळणारी गोळी ताणलेली स्प्रिंग अडवून धरते. गोळी भिजली की स्प्रिंग सुटते आणि टोचणी नळकांड्याला भोक पाडते. आता पेणचा पापड आषाढात कसा मऊ पडतो ते आठवा. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथल्या दमट हवेत ही गोळी कपाटातसुद्धा दगा देऊ शकते. दुसऱ्या प्रकारात झडप पाण्याच्या दाबाने उघडते. दहा सेंटिमीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एक हजार पास्कल, वातावरणाच्या दाबाचा शंभरावा भाग! एवढ्यावर ती चालते. पाऊस आणि तुषार तिला हलवू शकत नाहीत. महाग आहे, पण कोकणच्या माणसाने तीच घ्यावी. ओढायची दोरी आणि तोंडाने फुगवायची नळी दोन्हींत असतेच.

मांड्यांमधून जाणारा पट्टा तर हवाच. तो नसेल तर पाणी जाकिटाला वर लोटते, शरीर खाली लोंबते आणि जाकीट कानांपर्यंत चढते. शिट्टी आणि दिवा हवा. आणि माझ्या मते जाकिटाच्याही आधी नौकेला बांधून ठेवणारा पट्टा. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती करणारे ते पहिले भारतीय. एकटा माणूस पाण्यात पडला आणि नौका सहा नॉटने पुढे गेली, तर मिनिटात ती १८५ मीटर दूर असते. सोबती असले तरी लाटांमध्ये नारळाएवढे डोके एवढ्या अंतरावरून शोधून दाखवा.

तो मुलगा पंधरा दिवसांनी नवे जाकीट घेऊन आला, दाबाच्या झडपेचे. ते आम्ही तोंडाने फुगवून चोवीस तास प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी तसेच टणक होते. नळकांड्याचे वजन कोरलेल्या आकड्याशी जुळले. ते त्याने वहीत तारखेसह लिहिले, आणि खाली दर तीन महिन्यांसाठी रकाने आखले. जुने नळकांडे मी मागून घेतले. या वर्षी अकरावीच्या मुलांना तराजू वापरायला शिकवताना पहिली वस्तू तीच देणार आहे.