यार कंपनी अदु?

धाकट्या वन्संचा मुलगा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून नवी मुंबईला नोकरीला लागला. गणपतीत घरी आला तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न केला, "यार कंपनी अदु?" सासूबाई धारवाडकडच्या. महत्त्वाचं काही विचारायचं असलं की त्यांच्या तोंडी कन्नडच येतं. तो हसून म्हणाला, "आज्जी, तेच तर सांगता येत नाही."

त्याचं काम डेटा सेंटरमध्ये. आपले मोबाइलमधले फोटो, बँकेचे व्यवहार ज्या यंत्रांवर साठतात, ती रात्रंदिवस थंड आणि चालू ठेवायची. समुद्राखालच्या केबल मुंबईला किनाऱ्याला लागतात, म्हणून ऐरोली, रबाळे, महापे या जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यात आता अशा इमारती उभ्या राहिल्या आहेत.

त्यांचा मालक कोण? आपल्याला वाटतं, गूगल नाहीतर ॲमेझॉन. पण पुष्कळदा हे मंगल कार्यालयासारखं असतं. हॉल एकाचा, लग्न दुसऱ्याचं. जागा, वीज, थंडावा आणि पहारा हॉलवाल्याचा; यंत्रं भाडेकरूची. आणि हॉलवालेही बदलतात. नेटमॅजिक ही आपल्या मुंबईची कंपनी, तिचा मोठा हिस्सा २०१२ मध्ये जपानच्या एनटीटीने घेतला. टाटा कम्युनिकेशन्सने २०१६ मध्ये आपल्या डेटा सेंटर व्यवसायाचा ७४ टक्के हिस्सा सिंगापूरच्या एसटी टेलिमीडियाला दिला. अदानींनी २०२१ मध्ये अमेरिकेच्या एजकनेक्सबरोबर निम्मी-निम्मी भागी केली. पनवेलचं योट्टा मात्र हिरानंदानींचं, २०२० मध्ये सुरू झालेलं.

आमच्या भाच्याच्या पगाराच्या कागदावर यातलं एकही नाव नाही. तिथे आहे देखभालीच्या कंत्राटदाराचं. वीज गेली की बॅटऱ्या क्षणाचाही खंड पडू देत नाहीत, मग डिझेल जनरेटर भार उचलतात. त्या बॅटऱ्यांपाशी याची रात्रपाळी.

जूनमध्ये तिथेच त्याचा हात भाजला. इमारतवाले म्हणाले, माणूस कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणाला, कार्ड अजून व्हायचंय. वन्संनी गळ्यातली साखळी सोनाराकडे ठेवून दवाखान्याचं बिल भागवलं, आणि आम्हाला सांगितलं ते महिन्याभराने! मला त्यांचा रागच आला.

मग आमच्या ह्यांनी ओळखीच्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, ईएसआय लागू असेल तिथे कंत्राटी माणसाची वर्गणीसुद्धा आधी मुख्य मालकाने भरायची असते. कंत्राटदाराकडून त्याने ती मागाहून वसूल करावी. म्हणजे सासूबाईंच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. अर्ज थेट इमारतवाल्यांच्या नावाने गेला. कार्ड पंधरा दिवसांत हातात आलं. बिलाचे पैसे अजून यायचेत.

परत जाताना भाच्याने इंग्रजीतला करार माझ्या हातात ठेवला. "मामी, एकदा नीट वाचून बघ." सात पानं आहेत. मुदत अकरा महिन्यांची, फेब्रुवारीत संपते.