भरपाई मिळेल तेव्हा मिळेल, गोळ्यांचे पैसे आज कोण देणार?

ठाणे जिल्ह्यातील एका बांधकामावर 2022 साली परांचीवरून पडलेला एक कामगार आमचा पक्षकार आहे. अपघात झाला तेव्हा त्याचे वय पस्तीस. डोक्याला मार लागला, ऑपरेशन झाले, जीव वाचला. पण फिट येऊ लागल्या. डॉक्टरांनी गोळ्या कायमच्या घ्यायला सांगितल्या. महिन्याचा खर्च अकराशे रुपये. कंत्राटदाराने दवाखान्याचे पहिले बिल भरले आणि मग फोन उचलणे बंद केले. सहा महिन्यांनी या माणसाने दिवसाआड गोळी घ्यायला सुरुवात केली, नंतर ती बंदच केली. पुढची फिट आली ती चुलीजवळ. हात कोपरापर्यंत भाजला. आता भाजल्याचे मलमही त्याच यादीत जमा झाले आहे.

कायदा काय सांगतो? 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात 2009 साली दुरुस्ती झाली आणि 18 जानेवारी 2010 पासून ती लागू झाली. 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' हा शब्द आला, आणि कलम 4 मध्ये पोटकलम 2अ घातले गेले : कामावर झालेल्या इजेच्या उपचारासाठी कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष केलेला वैद्यकीय खर्च त्याला परत मिळेल. त्याआधी सत्याऐंशी वर्षे या कायद्यात अपघातग्रस्त कामगाराच्या औषधाचा असा हक्क लिहिलेला नव्हता. तुटलेल्या बोटाची किंमत परिशिष्टात होती, ते बोट बरे करण्याचा खर्च मात्र मालकाच्या मर्जीवर होता. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. परताव्याची तरतूद तिथेही कायम आहे.

हक्क मिळाला, पण तो वापरायचा कसा? विमा कंपनीचे वकील पहिला मुद्दा काढतात तो पॉलिसीचा. बहुतेक मालक कामगारांची जी पॉलिसी घेतात तिच्यात औषधोपचाराचा खर्च धरलेला नसतो. जादा हप्ता भरला तरच तो मिळतो आणि त्यालाही मर्यादा असते. मालक म्हणतो, विमा कंपनी देत नाही. अहो, विमा कंपनीने दिले नाही म्हणून मालकाची जबाबदारी संपते, असे कायद्यात कुठे लिहिले आहे? पॉलिसी हा मालक आणि कंपनी यांच्यातला करार आहे, कामगाराने त्यावर सही केलेली नाही. मजूर कंत्राटदाराचा असला तरी कलम 12 प्रमाणे मुख्य मालकाकडूनही वसुली होते, हेही नाक्यावरच्या फार थोड्या मजुरांना माहीत आहे.

नंतर ते बिले मागतात. आमच्या पक्षकाराकडे होत्या कच्च्या चिठ्ठ्या. औषध दुकानदार पक्के बिल मागितले की कपाळाला आठ्या घालतो, आणि उधारीवर औषध घेणारा माणूस बिलासाठी भांडत नाही. अठरा महिन्यांपैकी सातच महिन्यांची बिले आम्हाला गोळा करता आली. म्हणून हात जोडून सांगतो : डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची प्रत्येक चिठ्ठी आणि जखमी माणसाच्या स्वतःच्या नावाचे पक्के बिल एका पिशवीत ठेवा. छापील शाई उडते, तेव्हा झेरॉक्सही काढा.

आणि तिसरा मुद्दा सर्वात चलाख आहे. 'हेच औषध जेनेरिकमध्ये स्वस्त मिळते, याने ब्रँडचे का घेतले? आम्ही जेनेरिकचाच दर देऊ.' वरवर पाहता यात खोटे काही नाही. 2008 पासून जनौषधी दुकाने निघाली आहेत आणि तिथली औषधे 50 ते 90 टक्के स्वस्त असल्याचे सरकार सांगते. फिटच्या ज्या गोळ्या आमचा पक्षकार घेतो त्याही तिथे मिळतात. महिन्याला तीनशेच्या आत भागते, हे आम्ही स्वतः चौकशी करून पाहिले. पण चिठ्ठी कामगार लिहितो का? डॉक्टर लिहितो. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जेनेरिक नावानेच औषध लिहिण्याची सक्ती करणारी नियमावली काढली आणि डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड करताच त्याच महिन्यात ती स्थगित ठेवली. जे काम आयोगाला जमले नाही, ते आठवीपर्यंत शिकलेल्या मजुराने करायला हवे होते, असा हा युक्तिवाद!

स्वस्त औषधाला आमचा विरोध नाही, उलट आग्रह आहे. औषध कोणते आणि किती द्यायचे यावर लक्षही हवेच. अमेरिकेत कामगार भरपाईच्या प्रकरणांत अफूजन्य वेदनाशामकांचा असा सुळसुळाट झाला की टेक्सास राज्याला 2011 पासून नव्या प्रकरणांसाठी औषधांची बंदिस्त यादी लागू करावी लागली. यादीबाहेरचे औषध हवे तर आधी मंजुरी. आपल्याकडेही कंबर दुखावलेला हमाल वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या गिळतो आणि शेवटी मूत्रपिंड गमावतो. त्याला कोणी विचारत नाही, कारण त्या गोळीचा खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नाही. तिथे पैसे देणाऱ्याने औषधावर नजर ठेवली. इथे पैसे देणाराच गायब आहे.

आता हिशेब पाहू. अपघाताच्या वेळच्या कायद्यात महिन्याची मजुरी जास्तीत जास्त 15,000 रुपये धरली जाते. वय पस्तीस, गुणक 197.06. मजुरीचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले 197.06 म्हणजे 17,73,540. कमाईची क्षमता 40 टक्के घटली असे धरले तर हातात येतील 7,09,416 रुपये. अकराशे रुपयांच्या गोळ्या साठाव्या वर्षापर्यंत घेतल्या तर, दर न वाढता, 3,30,000 रुपये. म्हणजे जवळजवळ निम्मी भरपाई औषध दुकानात जाणार. भरपाई ही गेलेल्या कमाईची आहे, गोळ्यांची नाही. पण कायदा 'केलेला खर्च' म्हणतो, 'होणारा खर्च' म्हणत नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात पुढील उपचाराची रक्कम न्यायाधिकरण देते. कारखान्यात किंवा परांचीवर पडलेल्याला ती का नाही? शिवाय भरपाईला उशीर झाला तर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड आहे, औषधाचा परतावा किती दिवसांत द्यायचा हे मात्र स्पष्ट लिहिलेले नाही.

याचे उत्तर बाबासाहेबांच्या काळातच सापडले होते. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री असताना, 1943 साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकरांकडे सोपवले गेले. 1944 च्या त्यांच्या अहवालावर 1948 चा राज्य विमा कायदा उभा राहिला. त्यात मालकाच्या मागे बिल घेऊन फिरायचे नाही, दवाखान्यातून औषध घ्यायचे. कायमच्या अपंगत्वाने नोकरी गेली तरी वर्षाला 120 रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत उपचार मिळतात. मालकाने वर्गणी भरली नाही तरी कामगाराचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. दवाखान्यात औषध नसते, 'बाहेरून आणा' म्हणतात आणि परताव्याची फाइल महिनोन्महिने पडून राहते, ही तक्रार खरी आहे. तरी परांचीवरच्या मजुराला तेवढेही नाही.

गटारात उतरणारा आपला माणूस तर कोणाच्याच यादीत नसतो. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने त्याच्या मृत्यूला 30 लाख, कायमच्या अपंगत्वाने कमाई पूर्ण बुडाली तर किमान 20 लाख आणि इतर अपंगत्वाला किमान 10 लाख ठरवले. वायूने फुप्फुसे जाऊन जो वाचतो, त्याला पंप आणि गोळ्या जन्मभर लागतात. त्या याच रकमेतून घ्यायच्या.

संहितेखालचे राज्याचे नियम लागू करताना सरकारने दोन गोष्टी घालाव्यात : दावा चालू असताना औषधाचा खर्च दरमहा मालकाने भरावा, आणि कायमच्या औषधाची रक्कम निकालातच वेगळी ठरवावी. जेनेरिकची वजावट करायची असेल तर मालकाने औषध स्वतः आणून द्यावे.

आमच्या पक्षकाराच्या औषधांसाठी आम्ही वेगळा अंतरिम अर्ज दाखल केला आहे. त्यावर म्हणणे देण्यासाठी कंत्राटदाराच्या वकिलांनी मुदत मागितली. ही त्यांची तिसरी मुदत. तोवर वस्तीतल्या विहारात जमलेल्या वर्गणीतून त्याच्या गोळ्या येत आहेत, जेनेरिक, पक्क्या बिलासह.