कागद येईपर्यंत हंगाम संपतो

घाटनांदूर स्थानकातून लातूर रोडकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात पानगावला पोचते. तेवढ्या अंतरात जिल्हा बदलतो, आणि विद्यापीठही. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातले घाटनांदूर छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येते. लातूर जिल्ह्याच्या रेणापूर तालुक्यातले पानगाव नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या. नांदेडचे विद्यापीठ 1994 साली झाले, त्याआधी दोन्ही गावांचे विद्यापीठ एकच होते. पहिले वर्ष घाटनांदूरकडे करून दुसऱ्या वर्षाला लातूरला प्रवेश घेणाऱ्या मुलाला आता टीसी, मायग्रेशन, पात्रता फॉर्म आणि नवा नोंदणी क्रमांक एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. कागद मागाहून आले तरी वर्गात बसता येते. मैदानावर तसे चालत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळणारा नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो आणि ते कागदावर सिद्ध झाल्याशिवाय संघाच्या यादीत त्याचे नाव जात नाही. महाविद्यालयीन सामने आणि त्यातून होणारी विद्यापीठ संघाची निवड शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत उरकते. तोवर मायग्रेशन आले नाही, तर त्या मुलाचे खेळाचे वर्ष गेले.

हे एखाद्या विद्यापीठाचे दुखणे नाही, आणि थोड्या मुलांपुरतेही नाही. बीड जिल्ह्यातल्या खेळाडूला मोठे व्हायचे तर घर सोडावेच लागते. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या तालमीत घडला आणि 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथे तो स्टीपलचेसकडे वळला. जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची केज तालुक्यातली. तिचा खेळ वाढला तो पुणे परिसरात. ज्या जिल्ह्यातून लाखो माणसे दर हंगामाला ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, तिथल्या मुलाने महाविद्यालय बदलले तर त्यात संशय घेण्यासारखे काय आहे? चांगला प्रशिक्षक, मॅट, वसतिगृह, दोन वेळचे जेवण जिथे मिळेल तिथे तो जाणार. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे मात्र प्रत्यक्ष खेळूनच मिळतात. गेलेला हंगाम म्हणजे गेलेले प्रमाणपत्र, आणि पदवीच्या मोजक्या वर्षांत असे हंगाम असतात तरी किती?

या व्यवस्थेच्या बाजूने सांगितले जाणारे कारण खोटे नाही. करंडकासाठी महाविद्यालये एकमेकांचे तयार खेळाडू पळवतात, काही मुले फक्त खेळण्यापुरता प्रवेश घेतात, आणि मग घाम गाळून घडवणाऱ्या छोट्या महाविद्यालयाच्या हाती काही राहत नाही. त्याला आळा हवाच. पण त्यासाठी हजेरी तपासा, परीक्षा दिली का ते पाहा, एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळण्याचा नियम कडक पाळा. टेबलावर पडून राहिलेल्या कागदाने पळवापळवी थांबत नाही. ओळखीपाळखी असलेले महाविद्यालय आपल्या खेळाडूचे काम दोन दिवसांत करून आणते. अडकतो तो ज्याच्या वडिलांना विद्यापीठात खेटे घालायला ना पैसा आहे ना सवड.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये याच प्रश्नावरून मोठा वाद झाला. तिथल्या एनसीएए या संघटनेने 2023 मध्ये टेझ वॉकर या खेळाडूला नव्या विद्यापीठाकडून, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाकडून, खेळण्याची परवानगी नाकारली आणि हंगाम सुरू झाल्यावर, ऑक्टोबरमध्ये, निर्णय फिरवला. मधले चार सामने त्याला परत मिळाले नाहीत. त्याच डिसेंबरात काही राज्ये न्यायालयात गेली, न्यायालयाने बदली करणाऱ्यांना बसवून ठेवणारा नियम रोखला आणि एप्रिल 2024 मध्ये संघटनेने अभ्यासात पात्र असलेल्यांना लगेच खेळण्याची मुभा दिली. तिथे आता खेळाडूंचा बाजार भरतो अशी तक्रार आहे, आणि तीही ऐकली पाहिजे. तिथल्या खेळात अफाट पैसा आहे; आपल्याकडच्या कबड्डीपटूला प्रवासभत्ता मिळाला तरी पुष्कळ. त्यामुळे तिथली पूर्ण मोकळीक आपण उचलावी असे मी म्हणत नाही. निर्णय हंगामाआधी झाला पाहिजे, एवढे मात्र घ्यावे.

कागद येण्याआधी खेळू दिले आणि उद्या खेळाडू अपात्र निघाला तर जिंकलेल्या सामन्यांचे काय, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय असा: खेळाडूने मुदतीत अर्ज केला, आधीच्या महाविद्यालयाची टीसी आणि गुणपत्रिका जोडली, तर विद्यापीठाने पंधरा दिवसांत होय किंवा नाही ते सांगावे. उत्तर आले नाही तर त्याला तात्पुरते पात्र धरावे. पुढे माहिती खोटी निघाली तर सामना रद्द करावा आणि दंड महाविद्यालयाने भरावा. कागद विद्यापीठाकडेच रखडला असेल, तर खेळाडूच्या आणि संघाच्या गुणांना हात लावू नये. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घालण्याची आणि मुदत चुकली तर अपील करण्याची पद्धत राज्यात रुजवली आहेच. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर मुलांनी संस्था बदलाव्यात आणि मिळवलेले श्रेयांक सोबत न्यावेत, असेच सांगते; 2021 पासून त्यासाठी श्रेयांक बँक आहे. जे श्रेयांक संगणकावरून या विद्यापीठातून त्या विद्यापीठात जातात, त्यांच्यासोबत खेळाडूची पात्रता का जाऊ नये?

मराठवाड्यातल्या दोन्ही विद्यापीठांच्या क्रीडा आणि पात्रता विभागांनी पुढचे प्रवेश सुरू होण्याआधी एकत्र बसावे आणि स्थलांतरित खेळाडूंसाठी ही पंधरा दिवसांची मुदत लेखी जाहीर करावी.