सरकत्या वेतनमानाची सत्तावीस वर्षे

१८९७ च्या जून महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षे झाल्याचा सोहळा ब्रिटिश साम्राज्यभर साजरा झाला. स्पिटहेडच्या समुद्रात ब्रिटिश आरमाराचे भव्य संचलन झाले. त्या युद्धनौकांच्या बॉयलरांत दक्षिण वेल्सचा कोळसा जळत होता. धूर कमी आणि आच अधिक, म्हणून आरमाराला दुसरा कोळसा चालत नसे. यानंतर पुरते वर्षही लोटले नाही, तोच १ एप्रिल १८९८ रोजी त्याच वेल्सच्या खाणींची चाके थांबली. सुमारे एक लाख खाणकामगारांची ही टाळेबंदी १ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे पाच महिने चालली. कामगारांची मागणी वरकरणी साधी, मजुरीत दहा टक्के वाढ एवढीच होती. परंतु वाद टक्क्यांचा नव्हता. ज्या मालाचा भाव ठरविण्यात कामगाराचा काडीमात्र हात नाही, त्या मालाच्या भावाबरोबर त्याच्या घरातील भाकरी लहानमोठी व्हावी काय, हा मूळ प्रश्न होता.

हा प्रश्न कोणत्या समाजात उभा राहिला, ते आधी ध्यानी घेतले पाहिजे. ऱ्होंडाच्या दोन खोऱ्यांत १८५१ साली हजार माणसांचीही वस्ती नव्हती. मेंढपाळांची ती भूमी होती. १९०१ साली तेथे एक लाख तेरा हजारांवर लोक राहत होते. डोंगरउतारावर एकाला एक चिकटलेली घरांची रांग, तळाशी खाण, खाणीशेजारून कार्डिफ बंदराकडे जाणारी रेल्वे, आणि जागोजागी चॅपेल. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फटकून असलेली ही प्रार्थनामंदिरे वेल्श माणसाची शाळाही होती आणि सभागृहही. १८९१ च्या जनगणनेत वेल्श भाषेची प्रथमच नोंद झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोक ती बोलत असल्याचे आढळले. कार्डिफहून निघालेला कोळसा पोर्ट सैद, एडन अशा ठाण्यांवर साठविला जाई आणि मुंबईच्या बंदरातही उतरे. बंगालचा कोळसा स्वस्तात मिळू लागेपर्यंत मुंबईच्या आगगाड्या व गिरण्या बऱ्याच अंशी विलायती कोळशावर चालत. तेव्हा ही खोरी मराठी माणसाला वाटतात तितकी परकी नव्हेत.

सरकत्या वेतनमानाचा जन्म पराभवातून झाला. १८७३ च्या तेजीत कोळशाचे भाव गगनाला भिडले होते. ते कोसळताच १८७५ च्या आरंभी मालकांनी मजुरीकपात पुढे केली. पाच महिन्यांच्या टाळेबंदीनंतर कामगार साडेबारा टक्के कपात पत्करून कामावर गेले, आणि त्यांची संघटना मोडून पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात करार झाला. दोन्ही बाजूंच्या हिशेबतपासनिसांनी कोळशाच्या विक्रीची सरासरी किंमत काढावयाची आणि ती जशी चढेल वा उतरेल तशी मजुरी ठराविक टक्क्यांनी चढावयाची वा उतरावयाची, असे ते सूत्र. त्यावर देखरेख करणाऱ्या संयुक्त समितीचे अध्यक्षपद मालकांचे पुढारी सर विल्यम थॉमस लुईस यांच्याकडे, तर उपाध्यक्षपद कामगारांचे पुढारी विल्यम अब्राहम यांच्याकडे होते.

वरवर पाहता हे सूत्र न्याय्य भासते. त्या काळच्या पुष्कळ अर्थशास्त्रज्ञांनी त्याची वाखाणणी केली. संप नको, तंटा नको. भाव चढला की दोघांचाही लाभ, उतरला की दोघांचीही तोशीस. आपल्याकडील वाचकाला महागाई भत्ता परिचित असल्याने हाही तसाच काही प्रकार असावा, असे त्याला वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो नेमका उलटा आहे. महागाई भत्ता कामगाराला ज्या वस्तू विकत घ्याव्या लागतात त्यांच्या भावाशी बांधलेला असतो. सरकते वेतनमान त्याने निर्माण केलेल्या वस्तूच्या भावाशी बांधलेले होते. पहिल्यात बाजाराच्या लहरीपासून कामगाराचा थोडाफार बचाव होतो, दुसऱ्यात तोच लहरीच्या तोंडी दिला जातो.

यातील मेख मुळातच होती. वेतनमानाचा पाया म्हणून पुढे १८७९ ची मजुरी धरण्यात आली. १८७९ हे मंदीचे वर्ष. खड्ड्यात उभे राहून उंची मोजावी, तसा हा प्रकार झाला. प्रत्येक वाढ ‘१८७९ च्या वर इतके टक्के’ अशी मोजली जाई आणि ती मोठी दिसे. आरंभीच्या करारात मजुरीला किमान मर्यादा होती. पुढील फेरकरारात तीही गेली. त्याहून घातक परिणाम झाला तो मालकांच्या आपसांतील स्पर्धेचा. एखाद्या जहाज कंपनीचा मोठा ठेका मिळविण्यासाठी मालक भाव पाडून देई. या पाडलेल्या भावाने सरासरी उतरे, सरासरीबरोबर साऱ्या खोऱ्यांतील मजुरी उतरे, आणि मजुरी उतरली म्हणजे मालकाचा उत्पादनखर्च उतरे. म्हणजे भाव पाडण्याचा निर्णय मालकाचा, ठेका मालकाचा आणि सवलतीचा मोठा भाग मात्र कामगाराच्या खिशातून. जमीनमालकांची गोष्ट तर आणखी निराळी. ज्यांच्या भूमीखाली कोळसा सापडला त्यांना टनामागे स्वामित्वधन मिळे आणि ते बहुतेक पट्ट्यांत आधीच ठरलेले असे. कार्डिफच्या गोद्या बांधणारे ब्यूटचे सरदारघराणे यातच गबर झाले. आणि वर उल्लेखिलेले लुईस हेच या घराण्याच्या मालमत्तेचे कारभारी. मजुरी तेवढी सरकती, स्वामित्वधन अचल!

शिवाय मजुरी मोजली जाई ती बहुतेक ठिकाणी केवळ मोठ्या डल्ल्यांच्या कोळशावर. चाळणीतून खाली पडलेला चुरा वजनातून वजा होई. कामगाराला त्याचा छदामही मिळत नसे. मालक मात्र तो विकीत असे. या वजावटीसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्राला कामगारांनी उपरोधाने ‘बिली फेअरप्ले’ असे नाव दिले होते.

अशा व्यवस्थेचे समर्थन विल्यम अब्राहम यांनी दोन दशके केले, हे अनेकांना बुचकळ्यात टाकते. ‘मेबन’ या टोपणनावाने ते साऱ्या वेल्सला परिचित होते. मेबन लबाड नव्हते. दहाव्या वर्षापासून खाणीत उतरलेला, चॅपेलच्या गायनात वाढलेला हा मनुष्य १८८५ साली ऱ्होंडातून पार्लमेंटवर निवडून गेला. सभेत गोंधळ माजला की ते आपल्या सुरेल आवाजात स्तोत्र सुरू करीत, आणि हजारोंचा जमाव त्यांच्यामागे गाऊ लागे. भांडण विरून जाई. १८७५ ची उपासमार त्यांनी पाहिली होती. संघटना मोडलेली असता जे हाती आहे ते राखावे, ही त्यांची भूमिका समजण्याजोगी आहे. परंतु गाण्याने सभा शांत होते, सरासरी किंमत चढत नाही.

गंमत अशी की, मेबन यांनीही या सूत्राचे तर्कशास्त्र उलटवून पाहिले. १८८८ पासून प्रत्येक महिन्याचा पहिला सोमवार खाणकामगारांची सुटी ठरला. लोक त्याला ‘मेबनचा दिवस’ म्हणू लागले. या विसाव्यामागे अर्थशास्त्रही होते: एक दिवस कोळसा कमी निघेल, तेवढाच भाव टिकेल, आणि भाव टिकला की मजुरी टिकेल. (मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे रविवारच्या सुटीचा लढा देत होते तो याच सुमारास, ती सुटी १८९० मध्ये पदरात पडली.) १८९६ मध्ये डी. ए. थॉमस या खाणमालकानेही उत्पादनावर संयुक्त नियंत्रण ठेवून भाव सावरण्याची योजना मांडली होती, पण तीवर मालकांचे एकमत झाले नाही. मजुरी बाजारभावाशी बांधल्यावर बाजारावर ताबा मिळविण्याची इच्छा कामगाराला होणारच. तो ताबा देण्यास मात्र मालकवर्ग कधीही राजी नव्हता.

भाव पडल्यास तोटा दोघांचा, या युक्तिवादातील पोकळपणा खाणीच्या तळाशी अधिक स्पष्ट दिसतो. फेब्रुवारी १८९० मध्ये लॅनर्क खाणीत १७६, ऑगस्ट १८९२ मध्ये पार्क स्लिप येथे ११२ आणि २३ जून १८९४ रोजी किल्फिनिडच्या अल्बियन खाणीत २९० माणसे स्फोटांत गेली. साडेचार वर्षांच्या आत तीन खाणींत ५७८ मृत्यू. धोक्याची ही वाटणी कोणत्याही सरासरीत धरलेली नव्हती.

असंतोष प्रथम फुटला तो खाणीतील कोळसा घोड्यांनी ओढून नेणाऱ्या हाकाऱ्यांत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी वीस टक्के वाढ मागून संप पुकारला. ही मुले कमी मजुरीची, वयाने तरुण, संघटनेच्या जुन्या शिष्टाचारात न रुळलेली होती. लष्कर आले, संप फसला. पण सरकत्या वेतनमानाविरुद्ध उघड बंड होऊ शकते, एवढे त्यातून दिसून आले.

१८९८ चा लढा कामगारांनी जवळजवळ रिकाम्या हातांनी लढविला. खोऱ्याखोऱ्यांतील फुटकळ संस्थांजवळ गंगाजळी नव्हती. मालकांची संघटना मात्र एकसंध होती. धान्याचे भाव त्या वसंतात चढलेले होते. सार्वजनिक स्वयंपाकघरांतून मुलांना जेवण दिले जाई, आणि गायकांची पथके मदत गोळा करीत फिरत. सरकारने १८९६ च्या समेट कायद्याखाली सर एडवर्ड फ्राय यांना मध्यस्थ म्हणून धाडले. मालकांनी मध्यस्थी मानली नाही. लष्कराला मात्र अशी कोणाची संमती लागत नाही. ते खोऱ्यांत आलेच. मर्थिर टिडफिलच्या दारिद्र्यनिवारण मंडळाने उपाशी कामगारांना साहाय्य दिले, तर कोळसा कंपन्यांच्या तक्रारीवरून प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९०० साली निकाल लागला की काम उपलब्ध असताना ते नाकारणाऱ्या धडधाकट माणसाला असे साहाय्य देणे बेकायदा आहे. त्याच्या बायकामुलांना मात्र देता येईल. उपासमारीचीही अशी कायदेशीर वर्गवारी झाली. याच टाळेबंदीच्या ऐन मध्यावर, १ जुलै १८९८ रोजी, अपघातग्रस्त कामगारांना नुकसानभरपाई देणारा १८९७ चा कायदा अमलात आला, हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे. खाणीत मेलेल्याच्या कुटुंबाला कायद्याने भरपाई. खाणीबाहेर राहिलेल्याला कायद्याने उपवास.

सप्टेंबरात कामगार हरले. पाच टक्के वाढ मिळाली, सरकते वेतनमान १९०२ पर्यंत कायम झाले, आणि मेबनचा सोमवार काढून घेण्यात आला. हा शेवटचा घाव हिशेबाचा नव्हता, मानभंगाचा होता. परंतु अवघ्या सहा आठवड्यांत, ११ ऑक्टोबर १८९८ रोजी, साऱ्या खोऱ्यांची मिळून ‘साउथ वेल्स मायनर्स फेडरेशन’ उभी राहिली. अध्यक्ष मेबनच होते, कारण लोकांचा त्यांच्यावरील लोभ आटला नव्हता. मात्र संघटना आता त्यांच्या आवाजावर नव्हे, वर्गणीवर चालणार होती. पुढच्या वर्षी ती ब्रिटनच्या अखिल खाणकामगार महासंघात सामील झाली. तेवीस वर्षांच्या समेटाने जे साधले नव्हते ते एका पराभवाने साधले.

त्याच वर्षी केर हार्डी खोऱ्यांतून हिंडत होते. १९०० च्या निवडणुकीत मर्थिरच्या दोन जागांपैकी एकीवर ते निवडून आले. दुसरी जागा मिळविणारे उमेदवार म्हणजे खाणमालक डी. ए. थॉमस! मतदाराने एक मत समाजवाद्याला आणि एक मालकाला दिले, यावर हसणे सोपे आहे. चॅपेलमध्ये वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसलेल्या समाजात वर्गजाणीव अशीच अर्ध्या पावलाने येते. १९०७ मध्ये हिंदुस्थानात येऊन येथील लोकांना कॅनडासारखे स्वशासन द्यावे असे बोलल्याबद्दल लंडनच्या वृत्तपत्रांचा रोष ओढवून घेणारे ते हेच हार्डी.

वेल्सचा दुसरा धागा आपल्याकडे कायद्याच्या वाटेने आला. ऱ्होंडाचा कोळसा कार्डिफला नेणाऱ्या टॅफ व्हेल रेल्वेच्या नोकरांनी ऑगस्ट १९०० मध्ये संप केला. कंपनीने कामगार संघावरच दावा लावला, आणि १९०१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने संपामुळे झालेल्या नुकसानीस संघाचा निधी जबाबदार धरला. संघाला तेवीस हजार पौंड भरावे लागले. १९०६ च्या कायद्याने ही तरवार दूर झाली; पण ती ब्रिटनमधल्या कामगारांपुरती. मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या १९२० च्या तंट्यात बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयाचा मनाई हुकूम निघाला, तेव्हा येथील कामगारांना असे कोणतेच संरक्षण नव्हते. ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, आणि १९२६ च्या कायद्याने नोंदणीकृत संघांना दाव्यांपासून संरक्षण मिळाले. पुढे हिंदी कामगारांनी जे संप केले, त्यांच्यामागे कार्डिफच्या त्या रेल्वेमार्गाचीही थोडी सावली आहे.

सरकते वेतनमान मार्च १९०३ अखेर संपले. त्याच्या जागी समेट मंडळ आले, आणि १८७९ च्या पायाहून तीस टक्के वर अशी किमान मजुरी ठरली. पायाचे वर्ष तेच राहिले. पण पायाखाली जाण्याची मोकळीक गेली. किमान मजुरीचे तत्त्व कायद्यात यावयास आणखी नऊ वर्षे आणि १९१२ चा देशव्यापी कोळसा संप लागला.

मेबन त्याच वर्षी अध्यक्षपदावरून दूर झाले. वेतनमान समितीचे जुने अध्यक्ष लुईस यांना आदल्या वर्षी ‘सेनघेनिडचे लॉर्ड मर्थिर’ ही पदवी मिळाली होती. सेनघेनिडची युनिव्हर्सल खाण त्यांच्याच कंपनीची होती. तेथे १९०१ मध्ये स्फोटात ८१ माणसे मेली होती. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी त्याच खाणीतील दुसऱ्या स्फोटात ४३९ मेली.