क्षयातून उठलात, आता सीईटी

बारावीच्या वर्षात क्षयरोग निघाला, दोन-तीन महिने अंथरुणात गेले आणि आता एमएचटी-सीईटी तोंडावर आली. अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. बुडालेलं सगळं भरून काढायचा हट्ट आधी सोडा. तेवढी ताकद अंगात नाही, आणि सीईटीला त्याची गरजही नाही.

पीसीएम गटाचा पेपरच बघा ना. भौतिकशास्त्राला ५० गुण, रसायनशास्त्राला ५०, आणि एकट्या गणिताला १००. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर, अकरावीवर २० टक्केच. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. तेव्हा अकरावीचे राहिलेले धडे उकरत बसू नका. बारावीचं इंटिग्रेशन, मॅट्रिसेस, व्हेक्टर्स हातात घ्या. आणि परीक्षेत एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

खरी मेख वेगळीच आहे. पहिली ९० मिनिटं भौतिक-रसायन, नंतरची ९० मिनिटं गणित. म्हणजे निम्मे गुण ठरतात ते दीड तास खुर्चीत काढून झाल्यावर! धडधाकट पोरंही तिथे मान टाकतात. म्हणून अभ्यासाइतकाच बसण्याचाही सराव करा. सुरुवातीला पाऊण तास बसवलं तरी पुष्कळ. मग झेपेल तसं वाढवत न्या. सरावाची गणितं मुद्दाम दमल्यावर सोडवा. ताज्या डोक्याने सकाळी गणित करा, असं क्लासवाले सांगतात. नवा धडा शिकताना ते बरोबर, पण सरावाला नाही.

आता गोळ्या. नेहमीच्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. बरं वाटायला लागलं, वर मळमळ नको, म्हणून परीक्षेपुरत्या गोळ्या थांबवायचा मोह होतो. अजिबात थांबवू नका. अर्धवट कोर्सने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग उपचार आणखी अवघड होऊन बसतात. परीक्षेच्या दिवशी गोळ्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा आणि सराव परीक्षेलाही तीच वेळ पाळा. केंद्रावर बरंच आधी पोचावं लागतं, तेही वेळ ठरवताना धरा. स्क्रीनवरची अक्षरं धूसर दिसायला लागली, लाल-हिरव्यातला फरक कळेना, तर अभ्यासाने डोळे थकले असतील म्हणून सोडून देऊ नका. इथॅम्ब्युटॉल या औषधाने क्वचित डोळ्यांच्या नसेला त्रास होतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा.

घरच्यांनो, आजार लपवू नका. क्लासच्या सरांना खरं कारण कळलं तर ते चुकलेल्या चाचण्या घरी द्यायची सोय करू शकतील. औषधं लागू पडली की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. वर्गात कधी बसायचं ते डॉक्टरांना विचारा. चारचौघांची चिंता करत बसण्यापेक्षा ताटात अंडं, डाळ, शेंगदाणे पडतायत ना ते बघा. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपयांच्या हिशेबाने पैसे रुग्णाच्या बँक खात्यात येतात, खाजगी डॉक्टरकडे उपचार असले तरी. नाव आणि खातं नोंदलं गेलंय का, ते सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा.

आणि वर्ष पुढे ढकलायचं असेल तर ढकला. सीईटी पुढच्या वर्षीही देता येते. फक्त तो निर्णय मामा-काकांच्या बैठकीत नको. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून पेपर देणाऱ्यालाच तो घेऊ द्या.